भुकेला गाळ

"तुला गाळ काढायला सांगितलं कुणी? मी सांगितलं? मॅडमनी सांगितलं? नाव सांग ना, कुणी सांगितलं!"

मी अंगणात उभी राहून किंचाळत होते. आई खराटा हातात धरून माझ्याकडं अशी बघत होती, की जणू माझ्याच डोक्यात काहीतरी सांडलंय.

"कुणी सांगाया कशाला पायजे? पुण्याची बाई दारात येणार, आन् परटाच्या दारात काळा चिखल? तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का?"

"अगं, ती चिखलच बघायला येणार होती!"

"चिखल बघायला कोण येतं गं? येडी का खुळी तू?"

मी खड्ड्यात वाकून बघितलं. खड्डा कसला, आरसा होता. दगड न् दगड घासलेला, तळाला एक थेंब काळं नाही. वरून ब्लीचिंग पावडर भुरभुरलेली, काठाला चुन्याची पांढरी रेघ, आणि रेघेच्या बाहेर कमळाची रांगोळी. वास असा, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईला वाटलं मी रडतेय. रडतही होते म्हणा.

तीन वर्षं झाली ह्याला. मी सोळाची होते. नववीतच शाळा सोडलेली. खरं सांगायचं तर बाईंनी सगळ्या वर्गासमोर "परटाची पोरगी, आणि स्वतःची कॉलर बघा" म्हणल्यावर मी डस्टर फेकला. तो त्यांना लागला नाही, फळ्याला लागला. शाळा सुटली ती सुटलीच. मग घरचंच काम. आमच्याकडं कारंडेवाडी एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या कामगारांचे कपडे धुवायला यायचे. कंपनीचं नाव काय असायचं ते असो, गावात सगळे तिला पिवळी कंपनीच म्हणायचे. जंतू मारायच्या औषधाची पिवळी भुकटी तिथं बनायची आणि कामगार घरी जाताना हळद लागलेल्या नवऱ्यासारखे दिसायचे. ते कपडे बाकीच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, म्हणून आई ते घरामागच्या दगडी डोणीत वेगळे भिजवायची. डोणीतलं पिवळं पाणी नालीतून त्या खड्ड्यात. अकरा वर्षं हेच चाललं होतं.

आता घाटाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच होतं. आमची पाच परटांची घरं चांदणी ओढ्यावर. घाटाचे दगड माझ्या पणज्यानं बसवलेले. पण वर एमआयडीसी वाढली. सगळ्या कंपन्यांचं सांडपाणी एका मोठ्या प्लांटात यायचं, तिथून साफ होऊन ओढ्यात. ते साफ काही होत नव्हतं. ओढ्याला औषधाचा वास आला, मासे गेले, आणि आमच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट म्हणजे पांढरी चादर ओढ्यात बुडवली की पिवळट होऊन वर यायची. परटाच्या हातची चादर पिवळी! गिऱ्हाईक कशाला येईल? दोन वर्षं घाटावर कुणी कपडा आपटला नव्हता. पाचही घरं नळाच्या पाण्यावर कशीबशी चालत होती. आणि आता नोटीस लागली होती. वीस तारखेला समिती बसणार. प्लांटनं औषध काढायचा काही उपाय दाखवला तर सहा महिने मुदत, नाही तर घाट भिंत घालून कायमचा बंद.

त्या भानगडीतच नाबर मॅडम आल्या. पुण्याच्या कॉलेजात जंतू शिकवायच्या. घाटावर बाटल्या भरत होत्या तेव्हा मी त्यांच्याशी भांडलेच.

"रोज बाटल्या भरून नेताय, सांगत तर काहीच नाही. आमच्या ओढ्याचं सरबत करताय का?"

त्या हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत. दगडावर बसून सगळं सांगितलं. प्लांटाच्या टाक्यांत जंतू असतात, तेच घाण खातात. पण हे औषध जंतूच मारायचं. मग ते टाकीत आलं की टाकीतले कामाचे जंतू मरतात. मॅडमनी विकतचे जंतू पाकिटातून आणून दोनदा सोडले होते. दोन्ही वेळा चार दिवसांत सगळे मेले.

"म्हणजे हे औषध खाणारा जंतूच नाही?"

"असेल कुठंतरी. जिथं वर्षानुवर्षं थोडं थोडं औषध पडत असेल, तिथल्या जंतूंना सवय झाली असेल. पण नुसतं सहन करणं वेगळं आणि खाणं वेगळं. सहन करणारे पुष्कळ मिळतात."

"निगरगट्ट वेगळे आणि खादाड वेगळे."

"अगदी बरोबर. मला खादाड हवेत."

तेव्हा मी त्यांना खड्ड्याचं सांगितलं. मी कधीपासून बघत होते ना. त्या कपड्यांचं पाणी बादलीत राहिलं तर उन्हात चहासारखं तपकिरी होतं आणि तसंच राहतं, महिनाभर ठेवा. तेच खड्ड्यात गेलं की तिसऱ्या दिवशी वर निवळ पाणी, आणि त्यात डासांची पिल्लं पोहताना. जंतू मारायच्या औषधात पिल्लं पोहतात कशी? मॅडम उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "गुरुवारी येते. खड्ड्याला हात लावू नकोस."

मी हात लावला नाही हो. पण आईला फक्त एवढंच सांगितलं, की गुरुवारी पुण्याच्या मॅडम आपला खड्डा बघायला येणार. चूक माझीच. परटिणीला असं सांगायचं नसतं.

दहा वाजता रिक्षा थांबली. मॅडम उतरल्या, एका हातात थर्माकोलचा खोका, पायांत गमबूट. खड्ड्यापाशी आल्या. रांगोळी ओलांडून वाकल्या.

"शेवंताबाई," त्या म्हणाल्या, "मी एवढा स्वच्छ शोषखड्डा आयुष्यात पाहिला नाही."

"बघ!" आई माझ्याकडं वळली. "बघ, शिकलेल्या माणसाला कळतं!"

मी बादलीला लाथ घातली. बादली गडगडत रांगोळीवरून गेली.

"कस्तुरे! लाज हाय का?"

"आई, त्या गाळात जंतू होते! पिवळं औषध खाणारे! त्यानं ओढा साफ झाला असता, घाट वाचला असता, आणि तू घासून घासून सगळे मारून टाकलेस!"

आई मॅडमकडं बघायला लागली. मॅडमनी मान हलवली, हळूच. मग आईला त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, दगडावर बसून. आई खराटा धरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे त्या चिखलात जीव व्हता?"

"हो."

"आन् म्या मारला."

"ब्लीचिंग किती टाकलंत?"

"दोन किलो."

"मग..." मॅडमनी थर्माकोलचा खोका खाली ठेवला.

आई ओट्यावर बसली. आई बसली की मला भीती वाटते. ती कधी बसत नाही. मी डोकं खाजवत खड्ड्यात बघत होते, आणि बघता बघता एक विचार आला. खड्ड्यात गाळ नाही, म्हणजे गाळ कुठंतरी गेलाय. गाळ काही हवेत उडत नाही.

"आई, गाळ कुठं टाकलास?"

"अळवाच्या बुडाशी. दोन पाट्या."

"ब्लीचिंग टाकायच्या आधी काढला का नंतर?"

आईनं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी चुलीत पाणी ओतायचं का विचारलं. "आधी काढला, मंग पावडर टाकली. पावडरीचा चिखल अळवाला कशी घालीन? अळू जळून जाईल की. येवढी बी अक्कल न्हाई का मला?"

मी पळाले. मॅडम गमबुटात माझ्यामागं. वरून गाळाला भेगा पडल्या होत्या, पण मोरीचं पाणी अळवाला जायचं, त्यामुळं मी हात कोपरापर्यंत घातला तर खाली काळा, थंड, लोण्यासारखा. मॅडमनी मूठभर घेऊन वास घेतला. तोंड वाकडं नाही केलं, उलट अत्तराची बाटली उघडल्यासारखा चेहरा.

"जिवंत आहे?"

"मला नाकानं नाही कळणार, बाई," मॅडम म्हणाल्या. "पण मेलेल्याचा वास असा नसतो."

*

प्लांटचे मॅनेजर सबनीस साहेब. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक गोष्टीत आधी नाही. आम्ही गाळ घेऊन गेलो तर म्हणाले, "मॅडम, गाळ म्हणजे स्पंज. रंग शोषून घेतो. पाणी निवळ दिसलं म्हणजे औषध नष्ट झालं असं नाही. औषध गाळात लपलंय. उद्या गाळ भरला की परत पाण्यात."

"पण पिल्लं पोहतात!" मी म्हणलं.

"पोहू देत."

"तुम्ही येऊन बघा तरी!"

"ए पोरी, तू कोण?"

मी काय बोलले ते लिहीत नाही. मॅडमनी माझा दंड धरला आणि बाहेर आणलं. मला वाटलं माझी बाजू घेतील. तर म्हणतात, "साहेब बरोबर बोलताहेत."

"तुम्ही पण?"

"त्यांचा प्रश्न खरा आहे. मला पण तो पडलाय. शोषलं की खाल्लं, हे दाखवायला लागेल."

मी रागानं पायरीवर बसले. तिथं बसल्या बसल्या मला आईचं काम आठवलं. नवा डाग आला, कसला ते माहीत नसलं, की आई कपड्याच्या एका टोकाला सोडा लावते, दुसऱ्या टोकाला नुसतं गरम पाणी. मग कळतं डाग सोड्यानं गेला का नुसत्या उष्णतेनं.

"मॅडम, मेलेला गाळ पण शोषेल ना?"

"शोषेल."

"मग अर्धा गाळ शिजवू. आमच्या भट्टीत. जंतू मरतील, चिखल राहील. एका बाटलीत जिवंत गाळ, एकीत शिजवलेला, एकीत नुसतं प्लांटचं पाणी. नुसतं शोषत असेल तर दोन्ही गाळ सारखंच करतील."

मॅडम माझ्याकडं बघतच राहिल्या. "याला आम्ही कंट्रोल म्हणतो."

"आम्ही डाग बघणं म्हणतो."

भट्टी म्हणजे आमच्याकडं मोठं तांब्याचं भांडं, त्यात सोड्यात कपडे वाफवतात. आईनं तीन दिवस रोज तीन-तीन तास गाळ वाफवला, पाण्यात सोडा न घालता. तीन दिवस कशाला, तर मॅडम म्हणाल्या काही जंतू कवच घालून बसतात, एकदा शिजवून मरत नाहीत. आई फुंकणीनं चूल फुंकत बोलतच होती. "जल्मात लई कपडे शिजवले, चिखल पैल्यांदा. शेजारीण इचारती, शेवंते आज काय बेत? काय सांगू तिला?" पण चूल विझू दिली नाही. बाटल्यांना झाकायला स्वतःच्या जुन्या लुगड्याची फडकी फाडून तिनंच बांधून दिली, म्हणजे आत हवा जाईल, माशी जाणार नाही.

तीन बाटल्या प्लांटच्या प्रयोगशाळेत ठेवल्या, उजेड लागू नये म्हणून खोक्याखाली. माशांच्या टाकीला असतो तसा हवेचा पंप प्रत्येकीत. मी रोज सकाळी जायची, खोकं उचलायची, बघायची.

दुसऱ्या दिवशी जिवंत गाळाचं पाणी फिकं झालं होतं.

शिजवलेल्या गाळाचं पण.

सबनीस साहेब मागं उभे. त्यांनी नुसतं "हं" केलं. त्या "हं" साठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मॅडम मात्र शांत. "स्पंज आहे, मान्य. पण स्पंज भरतो. जेवणारा परत जेवतो. परत वाढ."

दोन्ही बाटल्यांत मी परत तेवढंच पिवळं पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी शिजवलेला थोडा फिका. परत ओतलं. पाचव्या दिवशी शिजवलेल्याचं पाणी पिवळंधमक, तसंच. जिवंत गाळाचं? निवळ. परत वाढलं. परत निवळ. सहाव्या, सातव्या दिवशी मी खोकं उचलून त्या बाटलीला म्हणायची, "जेवलास का रे?" एका सकाळी सबनीस साहेबांनी ऐकलं. म्हणाले, "उत्तर देतो का?" पण त्या दिवशी "हं" नव्हतं केलं.

रंगावर भागणार नव्हतं. खरी परीक्षा ताटलीची. काचेच्या छोट्या ताटलीत खळीसारखा थर, त्यावर साधे, निरुपद्रवी जंतू पसरलेले. मधे बाटलीतल्या पाण्याचा थेंब. रात्रभरात ताटलीभर जंतूंची साय धरते. थेंबात औषध उरलं असेल तर थेंबाभोवती साय धरत नाही, स्वच्छ गोल रिंगण पडतं. औषध नसेल तर साय थेंबाच्या काठापर्यंत.

आम्ही काही लबाडी करू नये म्हणून एकोणीस तारखेला ताटल्या सबनीस साहेबांच्या केमिस्टनं लावल्या. प्रत्येक बाटली आणि तिची ताटली एका ट्रेमधे. ताटल्या रात्रभर उबेच्या पेटीत, बाटल्या थंड कपाटात, सकाळी परत ज्या त्या ट्रेमधे जोडी. त्यानंच केलं सगळं, कुलूप लावून. मी दाराला नाक लावून बसले होते.

*

वीस तारीख. मोठं टेबल. मधोमध सरकारी साहेब, एका बाजूला सरपंच, एका बाजूला सबनीस साहेब. मॅडम आणि मी समोर. दारापाशी आमची पाच घरं. आई पण होती, पण ती समितीला आली नव्हती, ती प्लांटच्या लोकांचे धुतलेले कपडे द्यायला आली होती. तिच्या डोक्यावर गाठोडं तसंच.

केमिस्टनं तीन ट्रे आणून ठेवले. मी ताटल्यांवर झडप घालायचीच बाकी होते.

पहिली ताटली, नुसत्या पाण्याच्या बाटलीची. रिंगण रुपयाएवढं. दुसरी, गाळाच्या बाटलीची. रिंगण लहान, पण होतं. तिसरी, गाळाच्याच बाटलीची.

रिंगण नव्हतं. साय ह्या काठापासून त्या काठापर्यंत. थेंब कुठं टाकला होता तेसुद्धा शोधायला लागत होतं.

"खाल्लं!" मी ओरडले. "बघा! खाल्लं!"

"थांब," सबनीस साहेब म्हणाले. त्यांनी दोन्ही गाळाच्या बाटल्या उचलल्या, फिरवून बघितल्या. "ह्यातला जिवंत कुठला आणि शिजवलेला कुठला?"

केमिस्टचा चेहरा पडला. थंड कपाटातून काढून ट्रेमधे ठेवल्यावर बाटल्यांना घाम सुटला होता. डिंकानं चिकटवलेले कागद ओले होऊन ट्रेमधे पडले होते, लिहिलेलं फिसकटून निळं पाणी. दोन्ही बाटल्या सारख्या, दोन्हींत काळा गाळ, आणि तापवलेल्या-न तापवलेल्या चिखलात फरक कुणाला कळणार? रंग सुद्धा सांगायला तयार नव्हता. केमिस्टनं आदल्या दिवशी दोन्ही हलवून ठेवल्या होत्या, गाळ अजून नीट खाली बसला नव्हता, दोन्हींचं पाणी गढूळ.

"तुम्ही आता ज्यात रिंगण नाही त्यालाच जिवंत म्हणणार," सबनीस साहेब म्हणाले. "आणि तसं नसेल तर? शिजवलेल्या गाळानंच शोषलं असेल तर मी कोट्यवधी लिटरच्या टाकीत स्पंज भरत बसू?"

"तुम्हीच काढली असतील लेबलं!" मी उभी राहिले. खुर्ची मागं पडली.

"कस्तुरी," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम, ह्यांनीच..."

"कस्तुरी, खाली बस. साहेब, मला खात्री आहे कुठली जिवंत आहे. पण लेबलाशिवाय मी शपथेवर नाही सांगू शकत."

का नाही सांगू शकत? मला त्यांचा एवढा राग आला! आज कळतं, पण तेव्हा त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. सरकारी साहेबांनी पेन उचललं. "मग प्रयोग ग्राह्य धरता येणार नाही. घाटाच्या नोटिशीवर..."

"फडक्यावर खूण हाय की," दारातून आई म्हणाली.

सगळे वळले. आईनं गाठोडं खाली ठेवलं, पदर सावरला आणि आत आली.

"कसली खूण?"

"बिब्ब्याची, धुवून जात न्हाई ती. घरातनं कापड भाईर जायचं म्हंजे खूण घालायला नको? कुणाचं कुठं जाईल!" तिनं बाटलीच्या तोंडाचं फडकं बोटानं उलगडलं. कोपऱ्यात सुईनं काढलेली काळी खूण, मुंगीएवढी. "ह्यो एक ठिपका म्हंजे आमचं घर. आन् ह्या दुसऱ्या फडक्यावर ठिपक्यासंगं उभी रेघ. उभी रेघ म्हंजे भट्टीतनं निघालंय, परत भट्टीत घालू नगा. हा शिजवल्याला चिखल."

उभ्या रेघेच्या बाटलीची ताटली? लहान रिंगणाची. नुसत्या ठिपक्याच्या बाटलीची? बिनरिंगणाची.

मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. रोज पाणी ओतताना मी एकेक फडकं सोडून परत त्याच बाटलीला बांधत होते, तरी एकदाही कोपऱ्याकडं बघितलं नाही. डोळे तीक्ष्ण म्हणून मिरवते आणि आईची खूण दिसली नाही!

सबनीस साहेब हसले. "बाई, तुमच्या ठिपक्याचा अर्थ तुम्हीच सांगणार, आणि आम्ही लिहून घ्यायचा?"

आईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "साहेब, जरा कॉलर उलटी करा."

"काय?"

"सदऱ्याची कॉलर. आत चार ठिपके आन् आडवी रेघ असंल. चार ठिपके म्हंजे ऑफिसर कॉलनी, चौथा बंगला. आडवी रेघ म्हंजे रंग जातोय, भट्टीत घालायचा न्हाई. निळा सदरा तुमचा, गेल्या दिवाळीचा. पैल्यांदा भट्टीत घातला असता तर बाईसाहेबांनी मला उभी जाळली असती."

सबनीस साहेबांनी हात कॉलरकडं नेला, आणि थांबले. सरकारी साहेब उठले, त्यांच्या मागं गेले, स्वतः कॉलर उलटी केली, चष्मा वर करून बघितलं.

"चार ठिपके," ते म्हणाले. "आणि आडवी रेघ."

सरपंच तर हसून हसून टेबलावर पडले. पण सरकारी साहेब पक्के होते. म्हणाले, गाठोडं आणा. आईला भिंतीकडं तोंड करून उभं केलं, गाठोड्यातले कपडे एकेक काढून नुसती खूण सांगितली. "तीन ठिपके, उभी रेघ." "स्टोअरचा घोरपडे. प्यांट. भट्टीची." "दोन ठिपके, फुली." "बॉयलरवाला इनामदार, ग्रीसचा डाग हाय, गेला न्हाई म्हणून फुली. त्याला सांगा, माझ्या हातून जाणार बी न्हाई." सात कपडे. सातही बरोबर. सातव्याला केमिस्टनं टाळी वाजवली आणि मग घाबरून सबनीस साहेबांकडं बघितलं.

सबनीस साहेबांनी बिनरिंगणाची ताटली उजेडात धरली. बराच वेळ. मग ती खाली ठेवली, हळू, फुटू नये अशी.

"दोन नंबरची टाकी देतो," ते म्हणाले. "सहा महिने. पण मॅडम, टाकीत ब्लीचिंग कुणी टाकायचं नाही, ही जबाबदारी तुमची."

"ती माझी," आई म्हणाली.

*

सहा महिने सोपे नव्हते. पाट्यांतला गाळ आधी पिंपात वाढवला, मग छोट्या हौदात, मग टाकीत. एकदा हवेचा पंप बंद पडून अर्धे जंतू मेले. एकदा पिवळ्या कंपनीनं न सांगता तिप्पट पाणी सोडलं, तेव्हा मी तिथल्या शिफ्ट इन्चार्जशी कुंपणाच्या जाळीतून भांडले ते अजून कामगार सांगतात. पण गाळ जेवत राहिला. पौष महिन्यात मॅडमनी ताटली लावली, ह्या वेळी घाटाच्या पाण्याची. मी रात्रभर झोपले नाही, पण तुम्हाला कंटाळवाणं होईल ते सोडा.

सकाळी मी ताटली घेऊन पळत घाटावर आले. पाचही घरं पायऱ्यांवर बसलेली. मी ताटली डोक्यावर धरली, उन्हाकडं. कडेपासून कडेपर्यंत साय.

आई उठली. साडी खोचली. अडीच वर्षं कोरडा पडलेला आमचा दगड तिनं तळव्यानं पुसला, घोटाभर पाण्यात उतरली, मग गुडघाभर. पांढरी चादर बुडवली, वर काढली, उजेडात धरली. पांढरी. मग तिनं ती चादर दगडावर अशी काही आपटली, की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. दुसऱ्या घरची काकू उतरली. मग तिसऱ्या. मग पाच दगडांवर पाच आवाज. सबनीस साहेब वर पुलावर उभे होते, निळ्याच सदऱ्यात. मी त्यांच्याकडं बघून असा हात हलवला, की त्यांनाही हलवायला लागला.

आता त्या दोन नंबरच्या टाकीवर मी असते, ऑपरेटर म्हणून, आणि खरं तर त्या गाळाचं पुढं कुठल्या कुठल्या प्लांटांत काय काय झालं ते सांगायचं होतं. पण बाहेर दुसऱ्या पाळीची गाडी आलीय, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलाय आणि त्याच्याशी सकाळीच एकदा भांडण झालंय. निघते मी.